तीन मैलांपलीकडचा रेडिओ

संज्ञा

सरकारी परवाना न घेता रेडिओ-लहरींवर कार्यक्रम सोडणाऱ्या केंद्राला ‘चाचा रेडिओ’ म्हणतात. अशा केंद्रांपैकी ज्यांनी आपला प्रक्षेपक किनाऱ्यापासून काही मैलांवर नांगरलेल्या जहाजावर किंवा समुद्रातल्या ओसाड लष्करी मनोऱ्यावर बसवला, ती सागरी चाचा केंद्रे. त्यांच्या भराचा काळ साधारण १९५८ ते १९७४, आणि क्षेत्र मुख्यतः उत्तर समुद्र व त्याच्या काठचे देश. या मंडळींनी कोणाचेही जहाज लुटले नव्हते. ‘चाचा’ हे नाव परवाना देणाऱ्याच्या बाजूने ठेवलेले होते, आणि असे नाव कोण कोणाला ठेवतो हे मराठी वाचकाला नवे नाही: इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे ‘चाचा’ आहेत, मराठ्यांच्या दप्तरात ‘सरखेल’.

मक्तेदारी आणि सुईचे तास

१९६०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये रेडिओ प्रक्षेपणाचा अधिकार एकट्या बीबीसीकडे होता. दूरचित्रवाणीवर १९५५पासून जाहिरातींवर चालणारी खासगी सेवा आली होती. रेडिओवर तशी काही सोय नव्हती. बीबीसीच्या तीन सेवांपैकी ‘लाइट प्रोग्रॅम’वर लोकप्रिय गाणी लागत, पण थोडी. त्यामागे अभिरुचीइतकाच एका कराराचा हात होता. ‘नीडल टाइम’ म्हणजे ध्वनिमुद्रिकेवर सुई टेकवण्याचा वेळ. रेकॉर्ड कंपन्यांची संस्था आणि वादकांची संघटना यांच्याशी ठरल्याप्रमाणे बीबीसीला ठरावीक तासच बाजारातल्या ध्वनिमुद्रिका वाजवता येत. उरलेला वेळ तीच गाणी पगारी वाद्यवृंद स्टुडिओत वाजवून दाखवत. वादकांच्या बाजूने पाहिले तर करार रास्त होता, कारण दिवसभर रेकॉर्डच वाजू लागल्यावर वादकाला काम कोण देणार? पण बीटल्सच्या आशेने रेडिओ लावलेल्या पोराला पुष्कळदा नृत्यवाद्यवृंदावर समाधान मानावे लागे.

लक्झेंबर्गची वाट

या मक्तेदारीला वळसा घालण्याचा पहिला मार्ग समुद्रातून नव्हे, परक्या देशातून गेला. रेडिओ लक्झेंबर्गचे इंग्रजी कार्यक्रम १९३३ सालीच सुरू झाले होते. युद्धानंतर ते २०८ मीटरवर संध्याकाळी ऐकू येत. तिथला बराच वेळ बड्या रेकॉर्ड कंपन्या विकत घेत आणि आपापल्या तबकड्या वाजवत, त्याही अनेकदा अर्ध्यावर आवाज खाली आणून, म्हणजे पाव तासात जास्त गाणी बसतील. लहान कंपनीच्या गायकाला तिथे जागा मिळणे कठीण होते.

दुसरी अडचण भौतिकशास्त्राची होती. मध्यम लहरी दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. जुन्या रेडिओवर रात्री लांबची केंद्रे खरखरत लागत, त्याचे कारण हेच. लक्झेंबर्ग त्यामुळे फक्त रात्रीचा सोबती होता, आणि तोही अधूनमधून विरणारा. दिवसाढवळ्या, स्वच्छ, खासगी रेडिओ हवा असेल तर प्रक्षेपक श्रोत्याच्या जवळ आणणे भाग होते. जवळ, पण कायद्याच्या बाहेर.

तीन मैलांची भूमिती

अशी जागा समुद्रात होती. त्या काळी ब्रिटनची आणि शेजारच्या देशांपैकी बऱ्याच जणांची हद्द किनाऱ्यापासून तीन सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर होती. त्यापलीकडे खुला समुद्र, आणि खुल्या समुद्रात जहाजावर कायदा चालतो तो त्याच्या ध्वजाच्या देशाचा. ध्वज पनामासारख्या देशाचा असेल, तर लंडनच्या टपाल खात्याला (रेडिओचे परवाने याच खात्याकडे होते) तक्रारीची पत्रे पाठवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. कायद्याच्या दृष्टीने जहाज परदेशात होते. लहरींच्या दृष्टीने ते एसेक्सच्या स्वयंपाकघरात होते.

पहिली जहाजे

२ ऑगस्ट १९५८ रोजी डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रातून ‘रेडिओ मर्कुर’ बोलू लागले. १९६०मध्ये नेदरलँड्ससमोर ‘व्हेरोनिका’, १९६१मध्ये स्टॉकहोमच्या बाहेर ‘रेडिओ नॉर्ड’. पुढे वारंवार घडलेला क्रम इथेच प्रथम दिसला. रेडिओ नॉर्ड सुरू होताच काही आठवड्यांत स्वीडनच्या सरकारी रेडिओने गाण्यांची स्वतंत्र सेवा काढली, आणि १९६२च्या उन्हाळ्यापर्यंत नव्या कायद्यांनी जहाजे गप्प केली. आधी नक्कल, मग बंदी.

रेडिओ नॉर्डच्या जहाजाचे चरित्र मात्र तिथे संपत नाही. ‘बॉन जूर’, ‘माग्दा मारिया’ आणि अखेर ‘मी आमीगो’ अशी नावे घेत ते टेक्सासपर्यंत जाऊन परत आले आणि ब्रिटिश किनाऱ्यासमोर उभे राहिले.

कॅरोलाइन

रोनन ओ’राहिली हा लंडनमध्ये राहणारा आयरिश तरुण गायक जॉर्जी फेमचा व्यवस्थापक होता. त्याच्या सांगण्यानुसार फेमची ध्वनिमुद्रिका घेऊन तो बीबीसी आणि लक्झेंबर्ग दोन्हीकडे फिरला आणि दोन्हीकडून हात हलवत परतला. मग त्याने ‘फ्रेडेरिसिया’ नावाची एक डॅनिश प्रवासी बोट मिळवली. आयर्लंडमधील ग्रीनोअर हे बंदर त्याच्या वडिलांच्या मालकीचे असल्यामुळे डेकवर उंच डोलकाठी का उभी राहते आहे, हे विचारणारे तिथे कोणी नव्हते. २८ मार्च १९६४, ईस्टरचा शनिवार: ‘रेडिओ कॅरोलाइन’ सफोकच्या किनाऱ्यासमोरून सुरू झाले. नाव अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या लहान मुलीवरून घेतले होते.

त्याच बंदरात ‘मी आमीगो’वर ऑस्ट्रेलियन संगीत-प्रकाशक ॲलन क्रॉफर्ड यांचे ‘रेडिओ अटलांटा’ सजत होते. ते मे महिन्यात सुरू झाले आणि जुलैत दोन्ही कंपन्या एक झाल्या. मूळचे कॅरोलाइन जहाज आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन बेटापाशी गेले आणि ‘मी आमीगो’ दक्षिणेकडे एसेक्ससमोर राहिले. उत्तर आणि दक्षिण मिळून देशाचा बराच भाग दोन जहाजांनी व्यापला.

जहाजावरून प्रक्षेपण

रेडिओ केंद्राला तीन गोष्टी लागतात: वीज, प्रक्षेपक आणि आकाशक. जहाजावर वीज डिझेल जनित्रांची. कॅरोलाइनवर दहा किलोवॉटचे दोन प्रक्षेपक एकत्र जोडून वीस किलोवॉट शक्ती मिळवली होती. पुढे आलेल्या ‘रेडिओ लंडन’कडे पन्नास किलोवॉटचा प्रक्षेपक होता. आकाशक म्हणजे डेकवरची दीडशे फुटांहून उंच डोलकाठी. तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार प्रकाशाच्या वेगाइतका असतो; त्यामुळे २०० मीटरची लहर म्हणजे १५०० किलोहर्ट्झ. अशा लहरीसाठी आदर्श उभा आकाशक तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका, म्हणजे ५० मीटर किंवा सुमारे १६४ फूट हवा. जहाजावर एवढी उंची कशीबशी पेलते. चाचा केंद्रांनी दोनशे मीटरच्या आसपासच्या लहरी धरल्या, त्यामागे हेही गणित होते.

जमिनीवरच्या केंद्राला आकाशकाभोवती तांब्याच्या तारांचे जाळे पुरावे लागते. समुद्रात ते काम खारे पाणी फुकटात करते. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असल्याने पृष्ठभागालगत जाणाऱ्या भूलहरी त्यावरून फारशा न थकता जातात, आणि जहाजाची मूठभर शक्ती किनाऱ्यावर दांडगी वाटते. तेच मीठ उलटतेही. डोलकाठीला पेलणाऱ्या तारांच्या विद्युतरोधकांवर खाऱ्या फवाऱ्याचा थर बसला की ठिणग्या उडत आणि प्रक्षेपक बंद करून सफाई करावी लागे.

स्टुडिओची अडचण साधी होती, पण रोजची. तबकडीवरची सुई गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर चालते, आणि लाटांवर डोलणाऱ्या जहाजात तो भरवसा धरता येत नाही. वारा वाढला की सुई दोन-तीन खाचा ओलांडून उडी मारे. उपाय म्हणून सुईच्या दांड्यावर एखादे नाणे चिकटवत. सुई जागेवर राही, तबकडी मात्र लवकर झिजे.

जहाजावरचे जीवन

निवेदक साधारणपणे दोन आठवडे जहाजावर आणि एक आठवडा जमिनीवर राहत. खाणे, पाणी, डिझेल, नव्या ध्वनिमुद्रिका आणि श्रोत्यांच्या पत्रांची पोती पुरवठ्याच्या बोटीने येत. वादळ असले की बोट येत नसे आणि मग आहे तेच वाजवायचे, आहे तेच खायचे. २० जानेवारी १९६६च्या पहाटेपूर्वी ‘मी आमीगो’ नांगर तुटून एसेक्सच्या किनाऱ्यावरील फ्रिंटनच्या वाळूवर चढले. आतल्या माणसांना दोराला लटकवलेल्या कड्यात बसवून एकेक करून किनाऱ्यावर ओढून घेण्यात आले. जहाज दुरुस्तीला हॉलंडला गेले, आणि तेवढ्या दिवसांसाठी ब्रिट वॉडनर या स्वीडिश बाईंनी आपले रिकामे जहाज कॅरोलाइनला वापरायला दिले. वॉडनर स्वतः सागरी केंद्र चालवत आणि त्याबद्दल स्वीडनमध्ये तुरुंगवासही भोगून आल्या होत्या.

जवळिकीचा एक प्रकार फक्त याच रेडिओला शक्य होता. कॅरोलाइन दक्षिणचा रात्रीचा निवेदक जॉनी वॉकर (हिंदी चित्रपटातले ते हे नव्हेत) फ्रिंटनच्या किनाऱ्यावर मोटारी उभ्या करून बसलेल्या जोडप्यांना दिवे उघडझाप करायला सांगे. डेकवरून ते ठिपके दिसत. मग तो प्रश्न विचारी: होय असेल तर दिवा इतक्या वेळा, नाही असेल तर तितक्या. गाडीतला रेडिओ जहाजाचा आवाज पकडे आणि गाडीचे दिवे उत्तर देत. मधल्या काळोख्या समुद्रावर ना टेलिफोन होता ना टपाल.

क्रमवारी म्हणजे काय

लोकप्रिय गाण्यांची क्रमवारी ही मुळात विक्रीची मोजणी. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर आधारलेली पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकात आली. साप्ताहिकाच्या जाहिरात विभागातील पर्सी डिकिन्स यांनी विसेक दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या खपल्या ते विचारले आणि बेरीज केली. बारा क्रमांकांची ती यादी. तिच्या शिरोभागी अमेरिकन गायक अल मार्टिनो होते.

यशस्वी कल्पनेच्या नकला होतातच. १९६०पर्यंत तीन-चार नियतकालिके आपापल्या दुकानांना फोन करून आपापल्या याद्या छापू लागली, आणि त्या जुळत नसत. १९६३ सालचे बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ काही याद्यांत पहिले आले, तर ‘रेकॉर्ड रिटेलर’च्या यादीत दुसऱ्यावर थांबले. संशोधन संस्थेने काढलेली एकच मान्य यादी फेब्रुवारी १९६९मध्ये आली, तोपर्यंत ब्रिटनसमोरची जहाजे गप्प झालेली होती. म्हणजे चाचा रेडिओच्या ऐन भराच्या काळात अधिकृत असा क्रमांक एकच नव्हता. या मोकळ्या जागेत जहाजांनी आपल्या याद्या मांडल्या.

फॅब फॉर्टी

२३ डिसेंबर १९६४ रोजी ‘रेडिओ लंडन’ २६६ मीटरवर सुरू झाले. जहाजाचे नाव ‘गॅलक्सी’. पूर्वाश्रमीची ती अमेरिकी नौदलाची सुरुंग काढणारी नौका. पैसा टेक्सासच्या व्यावसायिकांचा आणि साचाही तिथलाच. अमेरिकेत टॉड स्टॉर्झ आणि डॅलसचे गॉर्डन मॅकलेंडन यांनी १९५०च्या दशकात ‘टॉप फॉर्टी’ रेडिओ रुळवला होता: थोडी गाणी, ती पुन्हा पुन्हा, मध्ये केंद्राच्या नावाची गायलेली छोटी धून. या धुनांसाठी जिंगल हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. रेडिओ लंडनच्या जिंगल्स डॅलसमधील पॅम्स या कंपनीत तयार होऊन आल्या. मॅकलेंडन स्वतः रेडिओ नॉर्डच्या मागे होते, त्यामुळे हा धागा आधीच युरोपात पोचलेला होता.

रेडिओ लंडनची यादी ‘फॅब फॉर्टी’. ती दर रविवारी जाहीर होई. नाव क्रमवारीचे असले तरी हे मूलतः वेळापत्रक होते. क्रमांक दुकानातल्या विक्रीवरून ठरत नसत. पुढच्या आठवड्यात काय आणि किती वेळा वाजवायचे हे केंद्रात ठरे आणि त्यालाच क्रमांकांचे रूप मिळे. वरच्या दहांतले गाणे जास्त वेळा, खालचे कमी, त्यात ‘क्लाइंबर’ म्हणजे चढू पाहणारी नवी गाणी आणि अधूनमधून एखादे जुने, अशी पाळी तासाच्या घड्याळावर आखलेली असे.

आता कार्यकारणभाव पाहण्यासारखा आहे. नवे गाणे फॅब फॉर्टीत येई. ते दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडे. दोन-तीन आठवड्यांनी दुकानात त्याची मागणी होई, नियतकालिकांच्या याद्यांत ते वर सरके, आणि मग रेडिओ लंडन अभिमानाने सांगे की आमची यादी इतरांच्या पुढे धावते. ती पुढे होती यात शंका नाही. पण भाकीत करणे वेगळे आणि रोज वाजवून भाकीत खरे करणे वेगळे. तापमापीनेच खोली तापवावी आणि वर अचूकतेचे श्रेय घ्यावे, असा हा प्रकार होता. प्रॉकल हारमचे ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ १९६७च्या वसंतात प्रकाशित होण्याआधीच रेडिओ लंडनवर वाजवून पाहिले गेले. प्रतिसाद पाहून ते घाईने बाजारात आले आणि जूनमध्ये देशभर पहिल्या क्रमांकावर बसले.

या घट्ट साच्यातच एक भगदाडही होते. मध्यरात्रीनंतर व्यवस्थापक झोपलेले असत. त्या वेळात निवेदक जॉन पील ‘द परफ्यूम्ड गार्डन’ नावाचा कार्यक्रम करी, त्यात ना फॅब फॉर्टी ना जाहिराती. लांबलचक गाणी, अमेरिकेतून आणलेले अनोळखी गट आणि श्रोत्यांची पत्रे. कार्यक्रम काही महिनेच चालला. पण नंतरच्या आठवणींत दिवसाच्या चाळीस गाण्यांपेक्षा या दोन तासांनाच अधिक जागा मिळालेली दिसते.

पैशाचा प्रश्न

खर्च मोठा होता: डिझेल, खलाशी, बोटी, विमा. उत्पन्न जाहिरातींचे. साबण, सिगारेट आणि वर्तमानपत्रे या नेहमीच्या गिऱ्हाइकांखेरीज अमेरिकन धर्मप्रचारकांचे ध्वनिमुद्रित कार्यक्रम चांगला भाव देत. तरुण श्रोत्यांना ते अर्थातच नकोसे वाटत. केनी एव्हरेट या विनोदी निवेदकाने असल्याच एका कार्यक्रमाची हवेवर थट्टा केली आणि १९६५मध्ये नोकरी गमावली. जाहिरातदार परवाना देत नसला तरी पगार देतो.

तिसरा मार्ग म्हणजे गाणे वाजवण्याचेच पैसे घेणे. १९६७च्या सुमारास अडचणीच्या काळात कॅरोलाइनवर हे उघडपणे चाले. केंद्राच्या एका संचालकाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी होती आणि तिच्या ध्वनिमुद्रिकांचा मारा अखंड चालू असे. डब्लिनर्स या आयरिश गटाचे ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ हे लोकगीत आयर्लंडच्या सरकारी रेडिओने नाकारले होते. जहाजाच्या जोरावर ते ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर गेले. गाणे चांगले होते. तरीही क्रमवारीचा अर्थ कोणासाठी काय होता, हा प्रश्न राहतोच.

समुद्रातले किल्ले

दुसऱ्या महायुद्धात टेम्स नदीच्या मुखाशी विमानविरोधी तोफांसाठी काँक्रीटच्या पायांवर मनोरे उभारले होते. युद्धानंतर ते ओस पडले. त्यांपैकी ‘शिव्हरिंग सँड्स’वर गायक स्क्रीमिंग लॉर्ड सच याने १९६४मध्ये केंद्र काढले, ते लवकरच त्याचा व्यवस्थापक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट याच्याकडे जाऊन ‘रेडिओ सिटी’ झाले. ‘रेड सँड्स’वरचे ‘रेडिओ ३९०’ दिवसभर हळुवार गाणी लावी. मनोरा डोलत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की तो हलवताही येत नाही. ओहोटीला उघडा पडणारा वाळूचा दांडा किनारा धरायचा की नाही, यावर न्यायालयात युक्तिवाद झाले, कारण तो किनारा धरला तर तीन मैल तिथून मोजायचे आणि किल्ला हद्दीत येतो.

२० जून १९६६ रोजी प्रक्षेपकाच्या मालकीच्या वादातून काही माणसांनी रेडिओ सिटीचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवशी रात्री कॅल्व्हर्ट प्रतिपक्षाच्या ऑलिव्हर स्मेडली यांच्या घरी गेला आणि तिथे त्यांच्या बंदुकीच्या गोळीने मेला. स्वसंरक्षणाच्या कारणावरून स्मेडली निर्दोष सुटले. ज्या जागेवर राज्याचा कायदा चालत नाही तिथे वाद कसे मिटतात, हे देशाने त्या रात्री पाहिले. सरकारला सागरी केंद्रांविरुद्धचे विधेयक पुढे रेटणे त्यानंतर सोपे गेले.

१९६७चा कायदा

जहाजाला हात लावता येत नसेल तर जहाजाकडे जाणारे हात धरावेत, ही कायद्याची युक्ती होती. युरोपीय देशांनी २२ जानेवारी १९६५ रोजी स्ट्रासबर्ग येथे तसा करार केला. त्यानुसार ब्रिटनने केलेल्या कायद्याने सागरी केंद्रावर काम करणे, त्याला अन्न-इंधन पुरवणे, त्यावर जाहिरात देणे हे ब्रिटिश नागरिकांसाठी गुन्हे ठरले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मध्यम लहरींची वाटणी १९४८च्या कोपनहेगन योजनेने देशादेशांत झाली होती आणि जहाजे दुसऱ्याच्या वाट्याच्या लहरींवर बसत.

कायदा १४ ऑगस्टच्या मध्यरात्री लागू झाला. रेडिओ लंडन त्याच दुपारी तीन वाजता थांबले. अखेरचे गाणे बीटल्सचे ‘अ डे इन द लाइफ’, ज्यावर बीबीसीने मेमध्ये बंदी घातली होती. निवेदक रेल्वेने लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर उतरले तेव्हा फलाटावर श्रोत्यांची झुंबड होती. कॅरोलाइनची दोन्ही जहाजे कायदा मोडून बोलत राहिली. पुरवठा आता हॉलंडहून येई आणि उधारी साचत गेली. ३ मार्च १९६८च्या सकाळी थकबाकीसाठी आलेल्या डच ओढबोटींनी दोन्ही जहाजे बांधून नेली. कायद्याला सात महिने जमले नव्हते ते बिलाने केले.

सरकारी नक्कल

३० सप्टेंबर १९६७ रोजी सकाळी बीबीसीचे ‘रेडिओ वन’ सुरू झाले. पहिला आवाज टोनी ब्लॅकबर्नचा, जो कॅरोलाइन आणि रेडिओ लंडन दोन्हींवर होता. पील, एव्हरेट आणि इतर कितीतरी निवेदक तेच. जिंगल्सही डॅलसच्या त्याच कंपनीच्या, फक्त केंद्राचे नाव बदललेले. सुईच्या तासांचे बंधन मात्र कायम होते, म्हणून सुरुवातीला दिवसाचा मोठा भाग बीबीसीच्याच रेडिओ टूबरोबर वाटून घ्यावा लागला. जमिनीवरच्या खासगी रेडिओला परवाना मिळायला ऑक्टोबर १९७३ उजाडला.

टिकलेली यादी

जहाजावर जन्मलेली एक क्रमवारी आजही चालू आहे, ती ब्रिटनची नव्हे. २ जानेवारी १९६५ रोजी रेडिओ व्हेरोनिकाने डच ‘टॉप ४०’ सुरू केली. तिचा जनक निवेदक योस्ट डेन ड्राएर, मूळ नाव विलेम फान कोटेन. पहिल्या यादीत पहिले बीटल्सचे ‘आय फील फाइन’. आठवड्याची यादी छापील पत्रकाच्या रूपात दुकानांत फुकट मिळे आणि मुले ती जमवत. ३१ ऑगस्ट १९७४ रोजी डच कायद्याने व्हेरोनिकाचे जहाज गप्प झाले. यादी जमिनीवर आली आणि देशाची झाली.

कोलंबोची समांतर वाट

भारतात जहाजाची गरज पडली नाही, कारण लघुलहरी हद्द जुमानत नाहीत. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. कोलंबोचा प्रक्षेपक महायुद्धातल्या दोस्त सैन्यासाठी उभारलेला होता. ३ डिसेंबर १९५२पासून तिथे दर बुधवारी रात्री आठला ‘बिनाका गीतमाला’ लागे. अमीन सयानी तो मुंबईत ध्वनिमुद्रित करत आणि फिती कोलंबोला जात. सिलोन चाचा नव्हते, ते त्या देशाचे रीतसर केंद्र होते. त्याची तुलना लक्झेंबर्गशी करणे अधिक योग्य. मात्र क्रमवारीचा पेच तोच. गीतमालेचे ‘पायदान’ दुकानांतील विक्रीच्या अहवालांवर ठरे आणि त्याला श्रोता संघांच्या मतांची जोड दिली जाई; दुकान आणि श्रोता यांचे पटत नसे तेव्हा तोल निवेदकाच्या हाती असे.

सरकारचे उत्तरही ओळखीचे. विविध भारती १९५७मध्ये आली, आणि तिच्यावर जाहिराती १ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झाल्या, त्याही मुंबई-पुणे-नागपूर या केंद्रांपासून. रेडिओ वनला तेव्हा एक महिना झाला होता.

मुंबईत वाढलेला वैमानिक

सागरी रेडिओचा मुंबईशी थेट संबंध एका माणसामुळे आहे. एबी नेथन १९२७मध्ये इराणमधील आबादान येथे जन्मले, मुंबईत वाढले, ब्रिटिशकालीन भारतीय हवाई दलात वैमानिक झाले आणि पुढे इस्रायलमध्ये स्थायिक झाले. १९७३च्या मे महिन्यात त्यांनी ‘पीस’ हे जहाज तेल अवीवसमोर खुल्या समुद्रात उभे करून ‘व्हॉइस ऑफ पीस’ सुरू केले. निवेदक बरेचसे ब्रिटिश, गाणी पाश्चात्त्य, आणि मधून अरब-इस्रायली समेटाची आवाहने. जाहिरातीच्या पैशावर राजकीय स्वप्न चालवणारे हे केंद्र वीस वर्षे टिकले. ऑक्टोबर १९९३मध्ये ते बंद झाले, आणि नंतर नेथन यांनी जहाज समुद्रातच बुडवले.

स्मृती आणि पुरावा

या रेडिओबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातले बरेचसे श्रोत्यांमुळे. केंद्रांनी आपले कार्यक्रम क्वचितच जपले. जहाजावर फीत महाग आणि जागा कमी. घरी रेडिओसमोर ध्वनिमुद्रक ठेवून भरलेल्या फिती आणि वहीत उतरवलेले क्रमांक यांतून इतिहास सांधला गेला. अशा साधनांना मर्यादा असतात. माणसे बंद पडण्याचा दिवस मुद्रित करतात, साधा मंगळवार कोणी करत नाही. कॅरोलाइनवर वाजलेले पहिले गाणे कोणाचे, याला रोलिंग स्टोन्स आणि बीटल्स अशी दोन उत्तरे मिळतात, आणि दोन्ही देणाऱ्यांना आपण ते ऐकल्याची खात्री असते.

अवशेष

‘मी आमीगो’ १९७०च्या दशकात पुन्हा समुद्रात आले आणि २० मार्च १९८०च्या वादळी पहाटे बुडाले. चार माणसे आणि ‘विल्सन’ नावाचा एक कॅनरी पक्षी जीवरक्षक नौकेने वाचवला. पक्ष्याचे नाव १९६७चा कायदा करणाऱ्या पंतप्रधानांवरून ठेवलेले होते. जहाज तळाला टेकले तरी डोलकाठी पाण्यावर ताठ उभी होती. ती १९८६मध्ये पडली. कॅरोलाइनने १९८३मध्ये ‘रॉस रिव्हेंज’ या जुन्या मासेमारी जहाजावरून पुन्हा सुरुवात केली, तेही १९९१मध्ये गुडविनच्या वाळूत रुतले. आता ते एसेक्समधील ब्लॅकवॉटर नदीत नांगरलेले आहे आणि हौशी स्वयंसेवक त्याचा गंज खरवडत असतात. २२ डिसेंबर २०१७ रोजी कॅरोलाइनने रीतसर परवाना घेऊन, जमिनीवरच्या ऑर्फर्ड नेस येथील प्रक्षेपकावरून, ६४८ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण सुरू केले. त्याच जागेवरून, त्याच लहरीवर, पूर्वी बीबीसीची जागतिक सेवा चालत असे.